डावा पंखा, उजवा पंखा

खजुरीसारख्या गावात ‘मोटार उलटी फिरतेय’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं हे कोरडवाहू मुलखातलं गाव. शेताला पाणी द्यायचं तर विहीर नाहीतर बोअर. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काही काम निघालं आणि फेजची जोडणी इकडची तिकडे झाली, की बोअरमधली सबमर्सिबल मोटार सुरू तर होते, अँपिअरचा काटाही हलतो, पण पाइपाच्या तोंडाला पाणी येतं ते रडतखडत. तीन फेजची मोटार कुठल्या दिशेनं फिरायचं ते वायरींच्या क्रमावरून ठरवते. पंपाची पाती मात्र एकाच दिशेसाठी घडवलेली असतात. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली, की मोटार सुलट होते.

याच मोटारीच्या तळाशी आणखी एक भाग असतो, थ्रस्ट बेअरिंग. पंपाची पाती पाण्याला वर ढकलतात तेव्हा पाणी त्यांना तेवढ्याच जोरानं खाली दाबतं. तो सगळा दाब, शिवाय फिरणाऱ्या भागांचं वजन, तळातलं हे बेअरिंग पेलतं. ते झिजलं की मोटारीचं वाइंडिंग कितीही चांगलं असो, तिचे दिवस भरले.

दिशा आणि दाब. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या, तर वेगवान बोटींच्या जगातला एक जुना वाद सोपा होतो. दोन इंजिनांच्या बोटीत एका बाजूचा पंखा मुद्दाम उलटा फिरवतात. त्यानं बोट जास्त भरवशाची होते, की उलट्या बाजूचं यंत्र लवकर मोडतं?

एकटा पंखा बोटीला काय करतो

बोटीच्या मागे उभं राहून पाहिलं आणि पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर तो उजव्या फेऱ्याचा पंखा. विरुद्ध फिरत असेल, तर डाव्या फेऱ्याचा. एकाच इंजिनाच्या बहुतेक लहान बोटींना उजव्या फेऱ्याचाच पंखा असतो.

पंखा पाण्याला एका बाजूला पिळतो, तेव्हा पाणी बोटीला उलट बाजूला पिळतं. उजव्या फेऱ्याचा पंखा जोरात फिरला की बोटीची डावी बाजू किंचित दबते. दुसरा परिणाम हळू वेगात, विशेषतः मागे घेताना, स्पष्ट दिसतो. पंखा बोटीची पिछाडी नुसती पुढे-मागे ढकलत नाही, थोडी आडवीही ओढतो. उजव्या फेऱ्याच्या पंख्याची बोट रिव्हर्समध्ये टाकली की तिची पिछाडी डावीकडे सरकते. धक्क्याला बोट लावणारा तांडेल हा स्वभाव ओळखून असतो आणि शक्यतो डावी बाजूच धक्क्याला लावतो, म्हणजे शेवटच्या रिव्हर्सला पिछाडी आपोआप आत येते.

आता अशीच दोन इंजिनं शेजारी बसवा आणि दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरवा. पिळाची बेरीज होईल, आडव्या ओढीचीही बेरीज होईल. वेगात असताना सुकाणूचं चाक सतत एका बाजूला ओढ घेईल. एक पंखा उलटा फिरवला की बेरजेची वजाबाकी होते. रूढ मांडणी अशी, की उजव्या इंजिनाला उजव्या फेऱ्याचा पंखा आणि डाव्याला डाव्या फेऱ्याचा, म्हणजे दोन्ही पंख्यांची वरची पाती बाहेरच्या बाजूला फिरतात.

या मांडणीचा आणखी एक फायदा अरुंद बंदरात मिळतो. उजवं इंजिन पुढे आणि डावं मागे चालवलं की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे वळते, हे उघड आहे. त्याच वेळी उजवा पंखा पुढे जाताना घड्याळाप्रमाणे फिरत असतो आणि डाव्या फेऱ्याचा पंखा, रिव्हर्समध्ये असल्यामुळे, तोही घड्याळाप्रमाणेच. दोघांची आडवी ओढ पिछाडीला उजवीकडे नेते, म्हणजे नाळ आणखी डावीकडे. ढकल आणि ओढ एकमेकांना साथ देतात आणि बोट जवळजवळ जागच्या जागी वळते.

ही कल्पना बोटींपुरती नाही. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडवलं, त्यात इंजिन एकच होतं, पण पंखे दोन. दोन साखळ्यांनी ते चालवले जात आणि एका बाजूची साखळी फुलीसारखी तिरकी नेऊन त्यांनी तो पंखा उलटा फिरवला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ या अमेरिकी लढाऊ विमानाची दोन इंजिनंही परस्परविरुद्ध दिशांनी फिरत.

साठ किलो आणि सहाशे किलो

या पिळाचा जोर किती असतो? मध्यम आकाराच्या वेगवान बोटीचं एक उदाहरण घेऊ. इंजिन दोनशे अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण १५० किलोवॅटचं. गिअरमधून वेग कमी होऊन पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेतोय असं धरू. शक्तीला फिरण्याच्या वेगानं भागलं की पीळ मिळतो, सुमारे ६०० न्यूटन-मीटर. सरळ भाषेत सांगायचं तर साठ किलोचा माणूस बोटीच्या मध्यरेषेपासून एक मीटर बाजूला जाऊन बसला, तर बोट जितकी कलेल तितकं. दोन पंखे एकाच दिशेनं फिरले तर असे दोन प्रवासी एकाच बाजूला बसले असं समजा. त्रासदायक आहे, पण बोट उलटवणारं नाही. चार माणसांना जागा बदलायला सांगूनही तेवढा फरक पडतो.

आता दाबाचं गणित. तीच बोट ताशी ३० सागरी मैल वेगानं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटरच्या थोडं वर धावतेय. इंजिनाच्या शक्तीपैकी साठ टक्के शक्ती खरोखर पुढे ढकलण्यात जाते असं धरलं, तर प्रत्येक पंखा बोटीला सुमारे सहाशे किलो वजनाइतक्या जोरानं पुढे रेटतो. हा रेटा पंख्याच्या दांड्यातून येतो आणि गिअरच्या घरातल्या एका थ्रस्ट बेअरिंगवर टेकतो. तिथून तो बोटीच्या मागच्या फळीला मिळतो. बोट पुढे जाते ती या बेअरिंगला ढकलून. लाटेवरून उडून बोट आपटते, पंखा क्षणभर हवेत मोकळा फिरतो आणि पुन्हा पाण्यात शिरतो, तेव्हाचे धक्के या आकड्यात धरलेलेच नाहीत.

दिशेचा प्रश्न साठ किलोचा आणि दाबाचा प्रश्न सहाशे किलोचा. भरवशाची सगळी चर्चा या दुसऱ्या आकड्याभोवती फिरायला हवी.

इंजिन उलटं फिरवायचं, की गिअर?

विजेच्या मोटारीला दोन वायरी बदलून उलटं करता येतं. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला तशी सोय नाही. त्याच्या झडपा कोणत्या क्रमानं उघडायच्या, स्टार्टर कुठल्या बाजूनं दात धरणार, ऑइल पंप कुठे तेल ओढणार, हे सगळं एकाच दिशेसाठी ठरलेलं असतं. तरीही एके काळी दोन इंजिनांच्या मोठ्या बोटींसाठी खास उलट फिरणारी इंजिनं बनत. त्यांचा कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टर वेगळा. एका बोटीत दोन जातींची इंजिनं आली की सुट्या भागांचीही दोन दुकानं सांभाळावी लागत. पुढे उत्पादकांनी हा मार्ग सोडला. दोन्ही इंजिनं एकसारखी ठेवायची आणि दिशा गिअरमध्ये बदलायची, अशी पद्धत रुळली.

बोटीच्या आत इंजिन आणि बाहेर पाण्यात गिअर व पंखा, अशा मांडणीला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. अमेरिकी अभियंता जिम विन यांच्या कल्पनेवर स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीनं १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावानं ती बाजारात आणली. दोन वर्षांनी अमेरिकेतून मर्क्रुझर हा स्टर्न ड्राइव्ह आला. आउटबोर्ड इंजिन संपूर्णच बोटीच्या मागे टांगलेलं असतं. स्टर्न ड्राइव्हमध्ये मोटारगाडीसारखं जड, फोर-स्ट्रोक इंजिन बोटीच्या पोटात आडवं बसतं. त्याची शक्ती मागच्या फळीतून युनिव्हर्सल जॉइंटनं बाहेर येते, वरच्या गिअरमध्ये काटकोनात खाली वळते आणि तळाच्या गिअरमध्ये पुन्हा काटकोनात मागे वळून पंख्याला मिळते. बाजूनं पाहिलं तर शक्तीचा रस्ता इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसतो. रस्त्यातलं प्रत्येक वळण दातांवर चालतं आणि प्रत्येक वळणावर तेल लागतं.

डाव्या ड्राइव्हची बदनामी

तळाच्या गिअरमध्ये डोकावून पाहू. वरून आलेल्या उभ्या दांड्याच्या टोकाला एक छोटा शंकूच्या आकाराचा गिअर असतो, पिनियन. तो एकाच वेळी दोन मोठ्या गिअरना फिरवतो, एक समोरचा आणि एक मागचा. समोरासमोर बसल्यामुळे हे दोन गिअर नेहमीच परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असतात. पंख्याचा दांडा दोघांमधून जातो, पण दोघांपैकी कुणालाही जोडलेला नसतो. मध्ये दात असलेली एक कडी सरकते. ती पुढच्या गिअरमध्ये अडकली की बोट पुढे, मागच्या गिअरमध्ये अडकली की बोट मागे, मध्ये राहिली की न्यूट्रल. या कडीला डॉग क्लच म्हणतात.

नेहमीच्या उजव्या फेऱ्याच्या ड्राइव्हमध्ये पुढचा गिअर हा घरातला कर्ता असतो. पंख्याचा सगळा रेटा दांड्यातून त्याच्यावर आणि त्याच्यामागच्या मजबूत शंक्वाकार रोलर बेअरिंगवर जातो. मागच्या गिअरला काम थोडं. धक्क्याला लागताना काही सेकंद रिव्हर्स, तेही अर्ध्या वेगात. म्हणून त्याचं बेअरिंगही हलकं.

डावा पंखा उलटा फिरवायचा सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात घातक, उपाय म्हणजे हाच ड्राइव्ह घ्यायचा, डाव्या फेऱ्याचा पंखा लावायचा आणि पुढे जायला रिव्हर्स गिअर वापरायचा. बोट पुढे जाईलही. पण काही सेकंदांच्या कामासाठी घडवलेला गिअर आणि बेअरिंग तासन्‌तास पूर्ण रेटा पेलायला लागतील आणि लवकरच राम म्हणतील. उलट फिरणारे ड्राइव्ह ‘कच्चे’ असतात, या समजुतीमागे असे जुगाड आहेत.

कारखान्यात बनलेला डाव्या फेऱ्याचा ड्राइव्ह वेगळा असतो. त्यात मागच्या गिअरला कर्तेपण दिलेलं असतं. पण इथे एक अडचण उभी राहते. पंख्याचा रेटा तर पुढच्याच दिशेला असतो, पण आता शक्ती देणारा गिअर मागे आहे आणि पिनियन त्याला मागच्या बाजूला ढकलतो. दोन विरुद्ध दाब. ते वेगवेगळे पेलण्यासाठी जादा थ्रस्ट बेअरिंग बसवावी लागतात आणि त्यांच्यामधलं अंतर पातळ चकत्या घालून मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जमवावं लागतं. नीट जुळवलेला असा ड्राइव्ह उजव्याइतकाच टिकतो. मात्र त्यात भाग जास्त आहेत आणि तो पुन्हा उघडून जोडणाऱ्या मिस्त्रीकडून चूक व्हायला जागाही जास्त आहे. उजव्याच्या सवयीनं डावा जोडला, की पुढच्या हंगामात तो परत येतो.

मर्क्रुझरच्या अल्फा वन मालिकेत अशी डॉग क्लचची रचना आहे आणि उलट दिशेसाठी खालचं घर वेगळंच घ्यावं लागतं. त्याच कंपनीच्या ब्राव्हो वनमध्ये, आणि व्होल्वोच्या ड्राइव्हमध्ये, वेगळा विचार केलेला आहे. तिथे दिशा खाली बदलत नाही, वरच्या घरात बदलते. पिळदार खाचांवर सरकणारा एक शंकू वरच्या किंवा खालच्या गिअरच्या पोकळीत घट्ट बसतो. भार वाढला की पिळदार खाचा त्याला आणखी आत रेटतात, म्हणजे जोर वाढेल तशी पकड वाढते. महत्त्वाचं हे, की वरचे दोन्ही गिअर सारख्याच ताकदीचे असतात. पुढे जायला कुठलाही वापरा. म्हणून एकच ड्राइव्ह उजवीकडेही चालतो आणि डावीकडेही. केबलची जोडणी बदलायची आणि पंखा डाव्या फेऱ्याचा लावायचा, झालं. तळाच्या घरात गिअर बदलण्याचं काम नसल्यामुळे तिथली बेअरिंग दोन्ही दिशांच्या हिशेबानं बसवता येतात.

आउटबोर्ड इंजिनांमध्ये हाच प्रवास उशिरा झाला. यामाहाच्या डाव्या फेऱ्याच्या इंजिनांच्या नावात ‘एलएफ’ अक्षरं असतात, म्हणजे खरेदी करतानाच बाजू ठरते. सुझुकीनं काही इंजिनांमध्ये दिशा निवडण्याची सोय दिली. तेच इंजिन, तोच गिअर, जोडणी करताना सांगायचं की डावं व्हायचंय की उजवं. दोन्ही दिशांचा रेटा पेलणारी बेअरिंग घातल्याशिवाय हे शक्य नाही.

एकाच दांड्यावर दोन पंखे

पीळ नाहीसा करण्याचा दुसराही मार्ग आहे. एका ड्राइव्हवर, एकाच रेषेत, एकामागे एक दोन पंखे बसवायचे आणि त्यांना परस्परविरुद्ध फिरवायचं. बाहेरचा दांडा पोकळ, त्याच्या आतून दुसरा दांडा. पाणबुडीतून सोडायच्या टॉर्पेडोत ही रचना जुनीच आहे, कारण एका पंख्याचा टॉर्पेडो स्वतःभोवतीच लोळायला लागतो. व्होल्वो पेंटानं १९८२ मध्ये ‘ड्युओप्रॉप’ नावानं ती स्टर्न ड्राइव्हमध्ये आणली, पुढे मर्क्रुझरचा ब्राव्हो थ्री आला. पुढचा पंखा पाण्याला जो पीळ देतो तो मागचा सोडवून घेतो, त्यामुळे वाया जाणारी शक्तीही थोडी परत मिळते.

दोन इंजिनांच्या बोटीत असे दोन ड्राइव्ह लावले, तर डाव्या-उजव्याचा प्रश्नच उरत नाही, कारण प्रत्येक ड्राइव्ह स्वतःपुरता समतोल असतो. एकच जादा संच दोन्ही बाजूंना चालतो. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. दांड्यात दांडा, म्हणून सील जास्त. पंखे चार, म्हणून खडकाला लागून वाकणारी पातीही जास्त. आणि खाऱ्या पाण्यात बुडालेल्या धातूचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून गंजाची काळजीही वाढते.

मुंबईचं पाणी यंत्राला काय करतं

आपल्याकडे दोन इंजिनांच्या वेगवान बोटी सगळ्यात सहज दिसतात त्या मुंबई बंदरात, गेटवे ऑफ इंडिया आणि मांडवा यांच्यामध्ये. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोटही सुरू झाली, तरी फायबरच्या छोट्या स्पीडबोटींची ये-जा थांबलेली नाही. पावसाळ्यात त्या बंद असतात. या स्पीडबोटींच्या मागे बहुधा आउटबोर्ड टांगलेले दिसतात, स्टर्न ड्राइव्ह क्वचित. याचं एक कारण पाण्यात आहे.

आउटबोर्ड काम संपल्यावर पूर्ण वर उचलता येतो आणि पाण्याबाहेर राहतो. स्टर्न ड्राइव्ह वर केला तरी त्याचा बराच भाग पाण्यातच असतो. त्याचं घर अ‍ॅल्युमिनियमचं, पंखा बहुधा स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. म्हणून ड्राइव्हवर जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे लावतात, अ‍ॅनोड. आधी ते झिजायचे, ड्राइव्ह वाचायचा. ते वेळेवर बदलले नाहीत तर डावा-उजवा असा भेद न करता दोन्ही ड्राइव्ह खाल्ले जातात.

युनिव्हर्सल जॉइंटभोवती रबराचा भाता असतो. तो चिरला की समुद्राचं पाणी आधी बेअरिंगमध्ये आणि मग थेट बोटीत शिरतं. बंदराचं पाणी गाळानं भरलेलं. इंजिन थंड ठेवायला हेच पाणी आत ओढलं जातं, ते रबराच्या पात्यांच्या छोट्या पंपातून. गाळानं त्या पात्या झिजतात आणि तरंगती प्लास्टिकची पिशवी आत ओढली गेली की पाणीच बंद होतं. गिअर ऑइल साधारणपणे शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायला सांगतात. काढलेलं तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी गेलं आहे आणि बेअरिंगचा अंत जवळ आहे. फिरण्याच्या दिशेचा या यादीत कुठेच संबंध नाही. ड्राइव्ह बहुतेक वेळा ज्या कारणांनी मरतो ती ही आहेत.

दोन म्हणजे दुप्पट भरवसा?

दोन इंजिनं घेण्यामागचा हिशेब सरळ वाटतो. एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणेल. समजा, एका फेरीत एक इंजिन बंद पडण्याची शक्यता शंभरात एक आहे. दोन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण दोघांपैकी किमान एक बंद पडण्याची शक्यता जवळजवळ शंभरात दोन होते. म्हणजे बोट अडकून पडणं खूप कमी झालं, मिस्त्रीकडच्या चकरा मात्र दुप्पट झाल्या.

दहा हजारांत एक हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा एका इंजिनाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. डिझेलची टाकी एकच असेल आणि तिच्यात पाणी असेल, तर दोन्ही इंजिनं काही मिनिटांच्या अंतरानं बंद पडतात. दोन्ही भाते एकाच दिवशी बसवलेले असले तर ते एकाच सुमारास चिरतात. एकाच मच्छीमार जाळ्यात दोन्ही पंखे अडकू शकतात. उलट फिरणाऱ्या ड्राइव्हच्या बाबतीत यात एक गंमत आहे. दोन बाजूंची रचना वेगळी असेल तर एकच दोष दोन्हीकडे एकदम उफाळून येण्याची शक्यता थोडी घटते, पण उजव्याचा पंखा किंवा भाग डाव्याला चालत नसल्यानं समुद्रातली दुरुस्ती अवघड होते. डाव्या ड्राइव्हवर घाईत उजव्या फेऱ्याचा पंखा चढवला, तर पुढे जायचा गिअर टाकल्यावर तो बोटीला मागे ओढतो.

एका इंजिनावर परतणंही वाटतं तितकं सोपं नाही. वेगवान बोट पाण्यावर उचलली जाते तेव्हाच ती वेगवान असते. अर्ध्या शक्तीत ती बहुधा उचलली जात नाही. पाणी कापत, मेलेला ड्राइव्ह ओढत, एका बाजूला ओढ घेत ती हळूहळू येते. विरुद्ध फिरणाऱ्या जोडीचा समतोल जोडी असेपर्यंतच.

आणि बिघाडाचा एक प्रकार असा आहे, ज्याच्यावर दुसरं इंजिन हा उपायच नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची एक बोट इंजिनाची चाचणी घेत होती. इंजिनात बिघाड होऊन तिच्यावरचा ताबा सुटला आणि घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ या प्रवासी बोटीवर ती आदळली, असं नौदलानं जाहीर केलं. प्रवासी बोट उलटली. मृतांचा आकडा पुढे १५ वर गेला. बोट बंद पडणं हा एक धोका, बोट न थांबणं हा दुसरा. इंजिनं दोन केल्यानं पहिला धोका घटतो. दुसऱ्यासाठी हव्यात चालकाच्या अंगाला बांधलेली, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, नियमित तपासलेल्या केबली आणि वर्दळीपासून दूर ठेवलेली चाचणीची जागा. दोन इंजिनांच्या बोटीत थ्रॉटल आणि गिअरच्या केबली दुप्पट असतात, म्हणजे अडकू शकणाऱ्या गोष्टीही दुप्पट.

भीमेच्या पुरात एकच इंजिन

कलबुर्गी जिल्ह्यानं ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचा मोठा पूर पाहिला. वर महाराष्ट्रात पाऊस, धरणांतून विसर्ग आणि खाली अफजलपूर, जेवर्गीकडच्या नदीकाठच्या गावांत पाणी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि लष्कर मदतीला आलं. अशा वेळी वापरल्या जातात त्या हवा भरायच्या रबरी बोटी, मागे हातानं वळवायचं एकच आउटबोर्ड इंजिन.

इथे एकच इंजिन हा काटकसरीचा निर्णय नसतो. पुराच्या पाण्याखाली उसाचे फड, तारेची कुंपणं, बाभळी, विजेच्या खांबांच्या ओढतारा. खोली क्षणात तीन मीटर, क्षणात अर्धा मीटर. पाण्याखालचा पंखा जितका कमी, तितकं अडकणं कमी. इंजिन दोघांनी उचलून ट्रकवर टाकता आलं पाहिजे, पंखा वाकला तर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बदलता आला पाहिजे. बिघडलं तर दुसरी बोट येते. दुसरं इंजिन त्याच बोटीवर नसून शेजारच्या बोटीवर असतं, म्हणून एका जाळ्यात दोन्ही अडकत नाहीत. गणिताच्या भाषेत, दोन बिघाड इथे बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्र असतात.

काय विचारायचं

जलाशयावर गस्तीसाठी किंवा पर्यटनासाठी दोन इंजिनांची बोट घ्यायची झाली, तर आधी विचारलं जातं ते अश्वशक्ती किती आणि वेग किती. डाव्या बाजूची दिशा गिअरच्या कुठल्या भागात बदलते, हा प्रश्न त्याच्याआधी यायला हवा. वरच्या शंकूच्या क्लचमध्ये बदलत असेल, तर एक जादा ड्राइव्ह दोन्ही बाजूंना पुरतो. तळाच्या घरात बदलत असेल, तर डाव्या घराचे सुटे भाग आणि ते जुळवू शकणारा मिस्त्री किती दूर आहे, हे पाहावं. डाव्या फेऱ्याचा एक जादा पंखा बोटीतच असावा. टाक्या दोन असाव्यात आणि दोघांचे फिल्टर वेगळे. दोन्ही भाते, दोन्ही पंप एकाच दिवशी न बदलता काही महिन्यांच्या अंतरानं बदलावेत, म्हणजे नव्या मालातला किंवा जोडणीतला दोष दोन्हीकडे एकदम येणार नाही. दर वर्षी काढलेल्या तेलाचा रंग वहीत नोंदवावा, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा.

एवढं सांभाळणं जमणार नसेल, तर विरुद्ध फिरणाऱ्या ड्राइव्हच्या जोडीपेक्षा एक साधं आउटबोर्ड आणि आपत्कालासाठी बाजूला टांगलेलं दुसरं लहान इंजिन, स्वतःच्या वेगळ्या टाकीसह, अधिक भरवशाचं ठरतं. वेग कमी मिळेल. पण मोठ्या इंजिनाच्या डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये पाणी निघालं, तरी लहान इंजिन सुरू होईल.